कंपनीतील लठ्ठपणा आणि वाढता मेडिक्लेम : खर्च कुठे होतो आणि तो आधीच कसा अडवावा

गटविम्याच्या नूतनीकरणाचा महिना जवळ आला की ब्रोकर नवे दरपत्रक घेऊन येतो, प्रीमियम गेल्या वर्षीपेक्षा बराच वाढलेला असतो, आणि मनुष्यबळ विभाग, लेखा विभाग व संचालक यांच्यात दरवर्षीची तीच चर्चा सुरू होते : आई-वडिलांचे संरक्षण काढून टाकावे की कर्मचाऱ्याने स्वतः भरायचा वाटा वाढवावा. पुणे परिसरातील एका कारखान्यात ही चर्चा मी अनेक वर्षे केली आहे. त्या बैठकांत लठ्ठपणा हा शब्द कोणी उच्चारल्याचे मला आठवत नाही, कारण क्लेमच्या यादीत तो शब्द नसतोच. यादीत अँजिओप्लास्टी असते, पित्ताशयाची शस्त्रक्रिया असते, गुडघ्याचे प्रत्यारोपण असते, डायलिसिस असते. या सगळ्यांच्या मुळाशी अनेकदा जे असते, त्याला त्या तक्त्यात रकाना नसतो.

ज्यांच्या हाती कंपनीची पॉलिसी, कॅन्टीनचा ठेका आणि वार्षिक तपासणीचे नियोजन आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. माझे म्हणणे एकच आहे. आपली नेहमीची गटविमा पॉलिसी माणूस रुग्णालयात दाखल झाल्यावर पैसे देते. त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांत त्याच्या पोटाचा घेर वाढत असताना, साखर सीमारेषेवर आलेली असताना, आहारतज्ज्ञाची फी किंवा रक्तदाबाची रोजची गोळी यांसाठी त्या पॉलिसीतून बहुधा काहीही मिळत नाही. म्हणजे कंपनी आजाराच्या शेवटाचे बिल भरते आणि सुरुवातीकडे तिचे लक्ष नसते. या खर्चाचा थोडा भाग सुरुवातीकडे कसा वळवावा, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

प्रीमियम कसा ठरतो, ते आधी समजून घ्यावे

वैयक्तिक पॉलिसीत दर प्रामुख्याने वयावरून ठरतो, तर गटविम्यात तो मुख्यतः तुमच्याच गटाच्या मागील क्लेमवरून ठरतो. समजण्यासाठी काही गोल आकडे घेऊ. ३०० कर्मचाऱ्यांच्या कंपनीने वर्षाला ६० लाख रुपये प्रीमियम भरला आणि मंजूर व प्रलंबित मिळून ५४ लाखांचे क्लेम आले, तर क्लेमचे प्रमाण ९० टक्के झाले. पुढील वर्षासाठी विमा कंपनीने वैद्यकीय महागाई १२ टक्के धरली, तर अपेक्षित क्लेम ६० लाख ४८ हजारांवर जातात. स्वतःचा प्रशासकीय खर्च आणि ब्रोकरचे कमिशन यांसाठी तिने प्रीमियमचे २० टक्के राखून ठेवले, तर नवा प्रीमियम ७५ लाख ६० हजार निघतो. ही २६ टक्के वाढ झाली, आणि जीएसटी त्यावर वेगळा. हा हिशेब स्वतः मांडता येऊ लागला की दोन गोष्टी स्पष्ट होतात. ब्रोकर बदलून मिळणारी सवलत एखाद्या वर्षापुरती असते, आणि एक-दोन मोठे क्लेम तीनशे जणांच्या गटाचा दर हलवू शकतात.

ज्या कामगारांचे मासिक वेतन २१ हजार रुपयांपर्यंत आहे, ते राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये येतात. तिथे मालकाचा हिस्सा वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के असा ठरलेला आहे, आणि आजारपण वाढले म्हणून तो वाढत नाही. त्यामुळे या कामगारांच्या लठ्ठपणाचा कंपनीला काही खर्च नाही, असा समज करून घेतला जातो. तो चुकीचा आहे. ईएसआयमधून कामगाराला आजारपणाच्या काळात वेतनाच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो, म्हणजे उरलेली झळ तो कामगार स्वतः सोसतो. कंपनीकडे मात्र खाडे, बदली माणसाचा ओव्हरटाइम आणि अनुभवी हाताची उणीव असा खर्च येतो. हा खर्च विम्याच्या फाइलमध्ये दिसत नाही. तो हजेरीच्या नोंदींत शोधावा लागतो.

क्लेमच्या यादीत लठ्ठपणा शोधण्याची रीत

टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडे, मागील तीन वर्षांचे क्लेम आजारनिहाय मागावेत, आणि ते एकत्रित स्वरूपातच मागावेत : किती क्लेम, एकूण रक्कम, वयोगट, कर्मचारी की जोडीदार की आई-वडील. नावे मागू नयेत. नावे हाताशी असली की मनुष्यबळ विभागाच्या नजरेत कळत-नकळत फरक पडतो, आणि एकदा ही माहिती फुटली की पुढच्या तपासणीला माणसे येत नाहीत. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या दृष्टीनेही एखाद्याची आरोग्याची माहिती गोळा करताना हेतू स्पष्ट सांगून संमती घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

यादी आली की काही नोंदींवर खूण करावी. पहिली खूण हृदयविकार, पक्षाघात आणि मधुमेहाच्या गुंतागुंती यांवर. पोटाच्या आत, यकृताभोवती आणि यकृतात साठलेली चरबी शरीराला इन्शुलिनला नीट प्रतिसाद देऊ देत नाही, त्यातून साखर आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील एक प्रकारची चरबी, वाढतात, रक्तदाब चढतो आणि रक्तवाहिन्या आतून खराब होत जातात. मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिसवर गेलेल्या रुग्णांमध्येही मधुमेह आणि रक्तदाब हीच मोठी कारणे असतात. दुसरी खूण पित्ताशयातील खडे आणि यकृताचे आजार यांवर. मद्याला न शिवणाऱ्या माणसाच्याही यकृतात चरबी साठते, पुढे सूज येते आणि काहींच्या बाबतीत ती सिऱ्होसिसपर्यंत, म्हणजे यकृत कायमचे कडक होण्यापर्यंत, जाते. तिसरी खूण गुडघ्यांवर. ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांची झीज, असलेल्या वयस्कर रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात शरीराचे एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो, असे दिसले होते. आई-वडील पॉलिसीत असतील तर गुडघ्याचा क्लेम बहुधा त्यांच्या नावावर सापडेल. चौथी खूण प्रसूतीवर. वाढलेल्या वजनाबरोबर गरोदरपणातील मधुमेह, रक्तदाब आणि सिझेरियन यांची शक्यता वाढते, आणि गटविम्यात प्रसूतीचे संरक्षण सहसा असतेच. पाचवी खूण कर्करोगावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जादा चरबीचा संबंध १३ प्रकारच्या कर्करोगांशी जोडला असून, त्यांत रजोनिवृत्तीनंतरचा स्तनाचा, मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग येतो.

येथे प्रामाणिकपणा सोडू नये. खूण केलेली प्रत्येक रक्कम लठ्ठपणामुळेच खर्च झाली, असे संचालकांना सांगू नये. हृदयविकार तंबाखूमुळेही होतो, गुडघे वयानेही झिजतात. ‘लठ्ठपणाशी संबंध असू शकणारे क्लेम’ एवढेच शीर्षक द्यावे. हे शीर्षक दिलेली बेरीजसुद्धा बैठकीतील सर्वांचे लक्ष वेधण्यास पुरेशी ठरते, असा माझा अनुभव आहे.

वजनकाट्याआधी टेप

लठ्ठपणा म्हटले की डोळ्यांसमोर अवाढव्य देह येतो, आणि आपल्या माणसांच्या बाबतीत येथेच फसगत होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही गोष्ट २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात फार सोप्या रीतीने दाखवली. त्यांचे स्वतःचे आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे उंचीच्या तुलनेतील वजन, म्हणजे बीएमआय, अगदी सारखे होते : २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय सडपातळ, पोट पुढे आणि रक्तात साखर, हे चित्र आपल्या प्रत्येक विभागात दिसते. ‘मी कुठे जाड आहे?’ असे विचारणाऱ्या माणसालाच तपासणीची सर्वांत जास्त गरज असू शकते.

म्हणून भारतीयांसाठीच्या मर्यादा वापराव्यात. जागतिक मापात बीएमआय २५ पासून जादा वजन आणि ३० पासून लठ्ठपणा धरतात, तर भारतीय तज्ज्ञांच्या मते २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरावा. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. १६५ सेंटिमीटर उंची आणि ७० किलो वजन असलेल्या माणसाचा तो २५.७ येतो, आणि असा माणूस आपल्याकडे ‘मध्यम बांध्याचा’ समजला जातो. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर यांच्या पुढे गेला की धोका वाढतो. घेर मोजताना पँटच्या पट्ट्यावर टेप लावू नये, कारण ढेरी पट्ट्याच्या वर असते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, उघड्या त्वचेवर, श्वास सहज सोडल्यानंतर टेप लावावी. महिलांचे माप महिला परिचारिकेनेच, पडद्याआड घ्यावे.

घेराबरोबर रक्तदाब, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी (मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी), लिपिड (रक्तातील चरबी) आणि यकृताची एक साधी चाचणी पुरेशी आहे. एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के असेल तर ती मधुमेहपूर्व अवस्था आणि ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर मधुमेह समजला जातो. ‘महापॅकेज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या साठ-सत्तर चाचण्यांवर पैसे घालवू नयेत. वाचलेल्या पैशांतून अहवाल समजावून सांगणारा डॉक्टर प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी दहा मिनिटे बसवावा. बंद लिफाफ्यात दिलेला अहवाल घरातील कपाटात जातो आणि पुढच्या वर्षीच्या लिफाफ्याची वाट पाहतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख मधुमेहपूर्व अवस्थेतील लोक असल्याचा अंदाज मांडला आहे. त्याच अभ्यासात पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांमध्ये आढळला. यावरून आपल्या कारखान्यात काय निघेल, याचा अंदाज बांधता येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांत ४० वर्षांवरील कामगारांच्या वार्षिक विनामूल्य तपासणीची तरतूद आहे. लठ्ठपणाच्या कामासाठी मात्र चाळिशीची वाट पाहू नये. तिशीतच सुरुवात करावी.

कॅन्टीन : सर्वांत मोठी संधी

या संपूर्ण कामात मला सर्वाधिक विश्वास कॅन्टीनवर आहे. कर्मचारी वर्षातून एकदा डॉक्टरांना भेटतो, पण कॅन्टीनमध्ये महिन्यातून पंचवीस-सव्वीस दिवस जेवतो, आणि तिथे काय शिजावे हे ठरवण्याचा अधिकार कंपनीकडे असतो.

पहिले काम तेलाचा हिशेब. ठेकेदाराकडून महिन्यात वापरलेल्या तेलाच्या डब्यांची संख्या घ्यावी आणि तिला जेवणाऱ्यांच्या संख्येने भागावे. समजा, ४०० माणसे २६ दिवस नाश्ता आणि एक जेवण घेतात, म्हणजे १० हजार ४०० माणशी-दिवस झाले. १५ किलोचे २० डबे लागले तर तेल ३०० किलो झाले. भागाकार येतो माणशी २८.८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारमार्गदर्शनात दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे. म्हणजे घरचे रात्रीचे जेवण व्हायच्या आधीच दिवसाचा वाटा संपला. अंगमेहनतीच्या कामगाराला अधिक कॅलरी लागतात, हे खरे आहे. तथापि आज कारखान्यांतील बरीच कामे यंत्राच्या पॅनलसमोर उभे राहून किंवा संगणकासमोर बसून होतात, आणि ताट मात्र हमाली करणाऱ्याच्या काळातील राहिले आहे.

हा आकडा हाती आला की ठेक्यात बदल करावा. माणशी तेलाची कमाल मर्यादा करारात लिहावी, ती एकदम अर्ध्यावर न आणता दर तिमाहीला दोन-तीन ग्रॅमने उतरवावी, आणि तेल वाचल्यामुळे ठेकेदाराचे जे पैसे वाचतील ते भाजी व उसळीचे प्रमाण वाढवण्यासाठी वापरले जातील अशी अट घालावी. ही अट नसेल तर ठेकेदार तेल कमी करतो आणि भाजी पातळ करतो, कामगार चिडतो आणि संपूर्ण उपक्रम बदनाम होतो. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा वापरले जात नाही, हे कॅन्टीन समितीने अधूनमधून स्वयंपाकघरात जाऊन पाहावे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या काळापासून कॅन्टीनच्या व्यवस्थापनात कामगारांचे प्रतिनिधी घेण्याची पद्धत आहे, तिचा उपयोग येथे करून घ्यावा. युनियनचा माणूस या समितीत नसेल, तर ‘कंपनी जेवणात काटकसर करते’ ही ओरड थांबवणे कठीण जाते.

दुसरे काम चहाचे. एका कपात दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे १० ग्रॅम, आणि पाळीत चार कप धरले तर ४० ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहणे हितकारक मानते. यंत्रातील तयार पावडरीच्या चहात साखर आधीच मिसळलेली असते, त्यामुळे मधुमेही माणसालाही पर्याय राहत नाही. बिनसाखरेचा चहा करून साखर बाजूला ठेवणे, हा जवळजवळ फुकटचा उपाय आहे. चहाबरोबरची बिस्किटे बंद करून फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे मूठभर ठेवावेत. बैठकींसाठी मागवले जाणारे सामोसे आणि मिठाईही याच नियमात आणावी. साहेबांच्या टेबलावर सामोसा आणि कामगाराच्या ताटात काकडी, हे कोणालाही पटणार नाही.

नाश्त्यात वडापाव असेल तर तो काढून टाकू नये. आठवड्यातून चार दिवसांऐवजी एक दिवस ठेवावा आणि इतर दिवशी मटकीची उसळ, अंडी, मूगडाळीचे धिरडे, भाज्या घातलेला उपमा, दाणे-मटार घातलेले पोहे असे पदार्थ फिरते ठेवावेत. पोह्यांवरची फरसाणाची मूठ वेगळी मागावी लागेल अशी व्यवस्था केली, तर मागणी आपोआप उतरते. जेवणात भाकरीचा पर्याय रोज असावा आणि वरण पातळ नसावे. उपवासाच्या दिवसांचा विचार फारसा कोणी करत नाही, म्हणून तो मुद्दाम सांगतो. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, श्रावण आणि नवरात्र धरले तर अनेक कर्मचाऱ्यांचे उपवास महिन्यातून सहा-आठ वेळा होतात, आणि त्या दिवशी कॅन्टीनमध्ये तूप-दाण्यांनी ओथंबलेली साबुदाण्याची खिचडी किंवा तळलेला वडा असतो. भगर, दाण्याची आमटी, उकडलेले रताळे, काकडीची कोशिंबीर आणि ताक हे तितकेच उपवासाचे आणि बरेच हलके आहे.

पाळी, झोप आणि चालक

फिरती पाळी आणि रात्रपाळी वजन वाढवायला हातभार लावतात, कारण झोप तुटते, भूक अवेळी लागते आणि पहाटे तीन वाजता मिळते ते फक्त गोड चहा आणि तळलेले काहीतरी. रात्रपाळीसाठी मध्यरात्रीच्या आधी पूर्ण जेवण आणि पहाटे हलका पदार्थ, अशी रचना करावी. पाळ्या दर दोन-तीन दिवसांनी उलटसुलट बदलत असतील तर ते आधी थांबवावे.

फोर्कलिफ्ट, क्रेन आणि कंपनीच्या बस चालवणाऱ्यांकडे स्वतंत्र लक्ष द्यावे. जाड मान, मोठे घोरणे, झोपेत श्वास अडणे आणि दिवसा डुलक्या ही झोपेतील श्वासरोधाची लक्षणे आहेत, आणि लठ्ठपणा हे त्याचे मोठे कारण आहे. अशा चालकाची झोपेची तपासणी कंपनीने स्वतःच्या खर्चाने करून घ्यावी आणि निदान झाल्यास त्याला कामावरून काढण्याऐवजी उपचार सुरू होईपर्यंत दुसरे काम द्यावे. हे लेखी आश्वासन नसेल तर कोणीही चालक आपण घोरतो असे सांगणार नाही.

पॉलिसीच्या कलमांत काय पाहावे

नूतनीकरणाच्या चार महिने आधी पॉलिसीची प्रत उघडावी. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेविषयी विमा नियामकाने प्रमाणित केलेले कलम त्यात बहुधा सापडेल. त्याचा आशय असा : शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने असावी, वय किमान १८ असावे, बीएमआय ४० किंवा अधिक असावा, अथवा ३५ किंवा अधिक असून हृदयविकार, तीव्र श्वासरोध किंवा उपचारांनी आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर आजार असावा. हे कलम असूनही कर्मचाऱ्यांना ते ठाऊक नसते आणि ‘वजनाचे काहीच मिळत नाही’ असे ते समजून चालतात. तुमच्या पॉलिसीत काय आहे ते साध्या मराठीत लिहून सर्वांना कळवावे.

वजन घटवणाऱ्या नव्या इंजेक्शनांविषयीचे प्रश्न येतीलच. टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये ‘माउंजारो’ या नावाने आणि सेमाग्लुटाइडची लठ्ठपणासाठीची मात्रा जून २०२५ मध्ये ‘वेगोव्ही’ या नावाने भारतात आली. सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटले, आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले. अमेरिकेत कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा मोठा खर्च मालक उचलतो, आणि तिथे या औषधांनी कंपन्यांच्या अंदाजपत्रकांपुढे मोठाच प्रश्न उभा केला आहे, कारण औषध दीर्घकाळ चालू ठेवावे लागते. आपल्याकडे कंपनीने यात घाई करू नये, असे माझे मत आहे. आधी बाह्यरुग्ण सेवेची छोटी जोड घ्यावी : डॉक्टरांच्या भेटी, आहारतज्ज्ञ, रक्तदाब-मधुमेहाची औषधे. रक्तदाबाची रोजची गोळी नियमित चालणे, हे कंपनीच्या दृष्टीने कोणत्याही नव्या इंजेक्शनापेक्षा आधी यायला हवे.

जे अजिबात करू नये

माझ्या पहिल्या प्रयत्नात आम्ही वजन घटवण्याची विभागनिहाय स्पर्धा लावली होती आणि दर सोमवारी वजने सूचनाफलकावर लिहीत होतो. पहिल्या महिन्यात उत्साह होता. तिसऱ्या महिन्यात लक्षात आले की ज्यांच्यासाठी हे सगळे चालले होते तेच कॅन्टीनला येणे टाळत होते आणि घरचा डबा मशीनमागे बसून खात होते. त्यांपैकी एकजण मला म्हणाला, ‘साहेब, माझ्या मुलीनेसुद्धा मला कधी असे नाव ठेवले नाही.’ ती स्पर्धा मी त्याच आठवड्यात बंद केली. ती लावल्याची मला आजही खंत वाटते. अपमान झालेला माणूस तपासणीला येत नाही, डॉक्टरांनाही टाळतो, आणि पुढे त्याचा आजार थेट आपत्कालीन विभागातच भेटतो.

म्हणून वजनावर दंड, बक्षीस किंवा बढती ठेवू नये. भरतीच्या वेळी बीएमआयवरून उमेदवार नाकारू नये. सुपरवायझरच्या तोंडी असलेली ‘जाड्या’, ‘ढेरपोट्या’ ही संबोधने थांबवण्याची जबाबदारी कारखाना व्यवस्थापकाने स्वतः घ्यावी. लठ्ठपणात आनुवंशिकता, झोप, औषधे, ताण, पगार आणि घराजवळ काय मिळते या सगळ्यांचा वाटा असतो. ‘तोंडावर ताबा नाही’ हे त्याचे निदान नव्हे.

संचालकांना काय सांगावे

पुढच्या वर्षी प्रीमियम उतरेल, असे आश्वासन देऊ नये. अमेरिकेत एका मोठ्या घाऊक विक्री साखळीच्या १६० ठिकाणांवर, जवळजवळ ३३ हजार कर्मचाऱ्यांत, आरोग्य उपक्रमाची शास्त्रशुद्ध चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दीड वर्षानंतर व्यायाम आणि वजनावर लक्ष ठेवल्याचे सांगणारे वाढले होते, परंतु रक्तदाब, साखर, वैद्यकीय खर्च आणि गैरहजेरी यांत लक्षणीय फरक पडला नव्हता. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातील कर्मचाऱ्यांच्या अभ्यासाने दाखवले की अशा उपक्रमांत मुळात निरोगी आणि कमी खर्चाची माणसेच अधिक येतात, आणि मग त्यांचा कमी खर्च हे उपक्रमाचे यश समजले जाते. व्याख्याने, पोस्टर आणि मोबाइल ॲप यांच्या भरवशावर खर्च कमी होत नाही, हा यातून घेण्याचा धडा आहे. याउलट जिथे धोक्यातील माणसाला सातत्याने साथ दिली गेली तिथे फळ दिसले. चेन्नईत झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात मधुमेहपूर्व अवस्थेतील लोकांना आहार आणि चालण्याबाबत नियमित मार्गदर्शन दिले गेले. तीन वर्षांत तुलनेच्या गटातील ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, तर मार्गदर्शन मिळालेल्यांत हे प्रमाण ३९.३ टक्के होते.

म्हणून पैसे सर्वांवर सारखे पसरू नयेत. कॅन्टीन सर्वांसाठी बदलावे, आणि मार्गदर्शनाचा खर्च मधुमेहपूर्व अवस्था, वाढलेला रक्तदाब किंवा वाढलेला घेर असलेल्या व स्वतःहून नाव देणाऱ्या कर्मचाऱ्यांवर करावा. त्यांना महिन्यातून एकदा त्याच डॉक्टरांशी किंवा आहारतज्ज्ञाशी भेट मिळावी, कामाच्या वेळेत मिळावी, आणि शक्य असेल तेव्हा घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही बोलवावे. वजनाचे उद्दिष्ट पाच ते सात टक्के पुरे, म्हणजे ८० किलोच्या माणसाला चार ते साडेपाच किलो. आठवड्याला १५० मिनिटे जोमाने चालणे हे दुसरे उद्दिष्ट. बस गेटच्या एक किलोमीटर अलीकडे थांबवण्याची कल्पना ऐकायला चांगली वाटते, पण चाकणसारख्या ठिकाणी अवजड वाहनांच्या रस्त्यावर ती धोक्याची आहे. आवारातच चालण्याची सावलीची वाट आखावी आणि जेवणाची सुट्टी दहा मिनिटांनी वाढवावी.

पहिल्या वर्षी क्लेम थोडे वाढूही शकतात, कारण तपासणीत दडलेले आजार बाहेर येतात. हे आधीच लेखी सांगून ठेवावे, अन्यथा दुसऱ्या वर्षी निधी कापला जातो. रुपयांच्या आधी इतर आकडे पाहावेत : तपासणीला किती टक्के आले, रक्तदाब आटोक्यात असलेले किती झाले, मार्गदर्शनाला सहा महिन्यांनंतरही किती जण टिकले, माणशी तेल किती ग्रॅमवर आले. विम्याचा हिशेब तीन वर्षांची सरासरी काढून मांडावा, आणि अपघात किंवा नवजात बाळाचा अतिदक्षता विभागातील खर्च असे मोठे एकेरी क्लेम वेगळे दाखवावेत.

आपल्या पॉलिसीचे नूतनीकरण १ एप्रिलला असेल तर टीपीएला पत्र नोव्हेंबरमध्ये जायला हवे, बाह्यरुग्ण जोडीचे दर डिसेंबरमध्ये मागवायला हवेत आणि कॅन्टीनचा ठेका त्याच सुमारास संपत असेल तर तेलाची अट निविदेतच घालायला हवी. तेलाच्या डब्यांची मोजणी मात्र कोणाच्याही मंजुरीशिवाय येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सुरू करता येते. त्यासाठी भांडारपालाकडे एक वही आणि कॅन्टीनच्या पर्यवेक्षकाची रोजची सही एवढेच लागते.